डाळिंबी ठिपका

१

जुनी लेन्स हातात आली की मी ती आधी कानाशी नेते. हळूच हलवायची, आत काही खुळखुळतंय का ऐकायचं. मग नाकाशी. जुनं ग्रीस वाळलं की त्याला बंद पेटीतल्या लोकरीसारखा वास येतो. काचेला बुरशी धरली असेल तर वास ओलसर असतो. डोळ्यांचं काम सगळ्यात शेवटी. पुढच्या कड्यावर छापलेलं नाव काय, कुणीही वाचेल. नाव गेलेली लेन्स ओळखणं हे खरं काम, आणि त्यात मी कुणाला हार जात नाही.

ओळखीपाळखीतले मला लेन्सबाई म्हणतात. आजोबांच्या कपाटात सापडलेली, बाजारातून हौसेने उचललेली, अशा लेन्स घेऊन लोक येतात. ही कोणत्या कॅमेऱ्याची, आजच्या कॅमेऱ्याला बसेल का, हे कडं फिरत का नाही, असे त्यांचे प्रश्न. मी सांगते, जमलं तर साफ करून देते. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, मला काचकुमारी म्हणते. साठी उलटली तरी कुमारीच. आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे एकमेकींना टोचून बोलायला आणि भांडण सोडवायला तिसरं कुणी नाही.

ही लेन्स मला जुन्या बाजारातल्या घड्याळजींनी दिली. ते माझ्यासाठी असल्या वस्तू बाजूला काढून ठेवतात.

"बाई, ही घ्या. नाव नाही, गाव नाही."

"मग तुमच्याकडे आली कशी?"

"घड्याळांच्या खोक्यात होती. टिकटिक करत नाही म्हणजे माझी नाही. तुमचीच असणार."

घरी आल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर टॉवेल पसरला आणि बसले. मागे आटे होते, म्हणजे बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची जात. उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या भरपूर. मिटत आणल्या तरी मधलं भोक गोलच राहत होतं. त्या पाकळ्यांचं कडं टकटक न करता लोण्यासारखं फिरत होतं. अंतराचे आकडे फक्त फुटात. नावाचं कडं कुणीतरी चिमट्याने पिरगळून काढलेलं, त्याचे ओरखडे राहिलेले. म्हणजे माणसांचे चेहरे काढायची, स्टुडिओत राबलेली लेन्स. इथपर्यंत सगळं रोजचंच होतं.

मग स्पिरिटच्या बोळ्याने मी फोकसचं कडं पुसायला घेतलं. वर्षानुवर्षांच्या हातांचा काळा थर निघत गेला, आणि आठ फुटांच्या आकड्याशेजारी एक लाल ठिपका वर आला. आधी गंज वाटला. नख लावून पाहिलं. गंज नव्हता, नेलपॉलिश होतं. साधं लालही नाही, डाळिंबी.

मी ताईला हाक मारली. हाक कसली, किंचाळलेच असणार, कारण ती ओल्या हातांनी पळत आली.

"काय गं, बोट कापलंस?"

मी लेन्स पुढे केली. तिने हात कपड्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आईचं आहे," ती म्हणाली.

२

आमचे बाबा फोटोग्राफर होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. आता तिथे कपड्यांना इस्त्री करून देणारं दुकान आहे. आत शिरलं की डावीकडे आरसा, त्याच्याखाली दोरीला बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. उजवीकडे वाट बघणाऱ्यांसाठी बाक. पडद्याआड खुर्ची. तिच्या पाठीच्या दोन टोकांना लाकडी बोंडं होती, त्यातलं डावं कुणा कार्ट्याने फिरवून फिरवून पळवलं होतं. ती खुर्ची जमिनीला ठोकलेली होती आणि समोर कॅमेऱ्याच्या तिवईसाठी फरशीत तीन खळगे पाडलेले होते. खुर्ची हलायची नाही, कॅमेरा हलायचा नाही. दोघांच्या मध्ये आठ फूट.

याचं कारण फक्त घरच्यांना माहीत होतं. बाबांची नजर अधू व्हायला लागली होती. फोटोग्राफरची नजर जाणं म्हणजे गवयाचा गळा बसणं. बाहेर कळलं असतं तर धंदा बसला असता. म्हणून बाबांनी आईच्या नेलपॉलिशचा एक थेंब कड्यावर लावला. ठिपका लेन्सवरच्या पक्क्या रेषेसमोर आणला की खुर्चीतलं माणूस लख्ख स्पष्ट. तरीही ते दर वेळी वाकून, डावा डोळा मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून बघायचे. आई म्हणायची, "माझ्या दहा नखांना पुरत नाही आणि हे लेन्सला नटवतात!" बाबा म्हणायचे, "तिला काम तरी आहे."

गिऱ्हाईक बसलं की त्यांचं ठरलेलं बोलणं असे. "हनुवटी जरा खाली. हं. आता हलू नका." मग खट्. मग, "झालं, उठा. चला, पुढचे!" आम्ही बहिणी घरी हाच खेळ खेळायचो. एकीने स्टुलावर बसायचं, दुसरीने रिकाम्या डब्यातून बघायचं. "झालं, उठा" म्हटल्याशिवाय उठायचं नाही हा नियम. ताई मोठी असून मुद्दाम ते शब्द म्हणायची नाही आणि मी मुंग्या आलेल्या पायांनी रडकुंडीला येईपर्यंत बसून राहायचे.

आणि एवढ्या सगळ्यात बाबांचा स्वतःचा फोटो एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ओळखपत्राचा एक होता, तो इतका उडालाय की बाबा आहेत का शेजारचे काका, सांगता येत नाही. त्यांचा चेहरा आता मला आठवेनासा झालाय. आधी आवाज गेला, मग चालणं गेलं. चेहरा राहील असं वाटलं होतं. आता नाक आठवायला जावं तर ओठ निसटतात. बाबांच्या पापणीवर तीळ होता. ताई म्हणते उजव्या, मी म्हणते डाव्या. यावरून आमची इतक्या वेळा जुंपली आहे की शेजारणीला दोन्ही बाजू पाठ आहेत. मला एकदाच, फक्त एकदाच तो चेहरा पुन्हा नीट बघायचा होता. म्हातारपणी माणसं देवाकडे काय काय मागतात; माझं मागणं एवढंच होतं.

ताईचं दुखणं वेगळं. बाबांनी सगळ्या गावाचे फोटो काढले, पण तिचा एकटीचा, खुर्चीत बसवून, कधी काढला नाही. ती मागे लागली की म्हणायचे, "घरचीच आहेस. तुझा निवांत काढू." बाबा गेल्यावर आईने सगळं सामान विकलं. लेन्सही त्यात गेली, आणि ज्याने घेतली तोही कुठे गेला कळलं नाही.

३

माझा कॅमेरा आजच्या काळातला आहे. मध्ये एक कडं बसवलं की त्याला जुन्या आट्यांच्या लेन्स लागतात. त्यात एक सोय आहे. हाताने फोकस करताना जे जे स्पष्ट होत जाईल त्याच्या कडेवर, डोळा लावायच्या भोकातल्या इवल्या पडद्यावर, बारीक लाल रेष उमटते. म्हातारे डोळे असणाऱ्यांसाठी फार चांगली युक्ती. बाबांच्या वेळी असती तर नेलपॉलिश वाचलं असतं.

"आधी तू बघ," ताई म्हणाली. तिचा आवाज चोरटा झाला होता. मग ती चहा टाकायला गेली.

दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. मी कॅमेरा तिवईवर चढवला आणि समोरच्या गच्चीकडे वळवला. वाळत घातलेले कपडे, त्यांचे चिमटे, टाकीवरचा कावळा. कडं फिरेल तशी लाल रेष चिमट्यांवरून कावळ्याच्या पाठीवर सरकली. आणि काय सांगू, त्या लेन्सचं चित्र! आजच्या लेन्स सगळं कापून ठेवल्यासारखं दाखवतात. ही हात फिरवल्यासारखं दाखवत होती. कावळासुद्धा जरा बऱ्या घरचा दिसत होता. मला एकदम पावडरच्या डब्याचा वास आला. म्हणजे आला नाही, आठवला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं आणि कॅमेरा खोलीच्या आत वळवला.

आमची खोली लांबट आहे. या टोकाला टेबल, त्या टोकाला कपाट, मध्ये मोकळी फरशी. मी ठिपका रेषेसमोर आणला. आठ फूट. टेबल त्याच्या अलीकडे, कपाट पलीकडे. दोन्ही धूसर झाली. आठ फुटांवर काहीच नव्हतं, म्हणून लाल रेषही कुठे दिसायला नको होती.

पण रेष होती. मोकळ्या फरशीच्या वर, हवेत. वितभर उभी, आणि वरच्या टोकाला जराशी वाकलेली.

मी डोळा काढून पाहिलं. फरशी, फरशीवर ऊन, उन्हात धूळ. पुन्हा डोळा लावला. रेष तिथेच.

"चहा झालाय," आतून ताई म्हणाली.

"आणतेस का इकडे?" मी म्हटलं. मला तिथून हलायचं नव्हतं, आणि तिला कशाला घाबरवायचं असंही वाटलं.

४

मी काही भाबडी नाही. आयुष्य काचांमध्ये गेलंय, काच काय काय फसवते ते मला ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर कचरा असेल म्हणावं, तर कॅमेरा वळवल्यावर कचराही बरोबर वळला असता. ही रेष खोलीतल्या वस्तूसारखी चित्राच्या बाहेर गेली आणि परत वळवल्यावर परत आली. लेन्समध्ये उन्हाची तिरीप शिरली म्हणावं, तर मी पडदे ओढले तरी ती होतीच. माझ्या दुसऱ्या लेन्स लावून पाहिल्या, त्यांत काही नाही. हीच लेन्स ठिपक्यापासून केसभर सरकवली की काही नाही. ठिपका जुळला की रेष.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सामान उचलून स्वयंपाकघरात नेलं. तिथेही ती होती, ओट्याच्या अलीकडे. झोपायच्या खोलीत पलंगाच्या वर होती. शेवटी गॅलरीत गेले. म्हटलं, उघड्यावर काय असणार? कॅमेरा कठड्याशी बाहेर तोंड करून ठेवला, ठिपका जुळवला. कठड्याच्या पलीकडे, जिथे खाली तीन मजले नुसती हवा, तिथे ती रेष उभी होती. त्या दिवशी तिच्याशेजारी, थोड्या अंतरावर, तशीच दुसरी होती. वरच्या टोकाला गोल फुगलेली.

ताई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.

"कालपासून घरभर काय नाचवते आहेस ते? बघू."

नको म्हणायच्या आत तिने डोळा लावला. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, नळाला पाणी आल्याची ओरड झाली. मग ताई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डावं बोंड नाहीये."

"कसलं?"

"खुर्चीचं. आणि कुणीतरी बसलंय गं. टोपी दिसतेय. टोकदार, कडक."

आम्ही आत आलो. गॅलरीचं दार मी लावलं, कडीही घातली. कशासाठी ते विचारू नका. ताईने जे सांगितलं ते मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा गेले त्या दुपारी ते ताईचा फोटो काढायला एकदाचे कबूल झाले होते. ती केस धुऊन, नटून बाकावर बसली होती. तिच्या आधी फक्त एक गिऱ्हाईक होतं, इस्पितळातल्या एक नर्सबाई, गणवेश घालून आलेल्या. बाबा म्हणाले, "हनुवटी जरा खाली. हं. आता हलू नका." ते वाकले, डोळा लावला. आणि वाकलेलेच राहिले. दोन्ही हातांनी तिवई धरलेली होती, म्हणून पडलेसुद्धा नाहीत.

"नर्सबाई हलल्या नाहीत," ताई म्हणाली. "मीही नाही हलले. वाटलं, आज जरा जास्त निरखून बघताहेत. किती वेळ गेला कोण जाणे. माणसाचा जीव जाताना ओळखणं ज्यांचं काम, त्या समोर बसलेल्या, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. बाबा हलू नका म्हणाले होते ना."

"पुढे त्या बरीच वर्षं होत्या की. मी पाहिलंय त्यांना बाजारात."

"होत्या. पण त्यांना 'झालं, उठा' कुणी म्हटलं नाही."

पुढे ती म्हणाली की लेन्स घड्याळजींना परत देऊन ये, विषाची परीक्षा बघू नये. मी हो म्हटलं. माझं हो ती ओळखून आहे. तिने सुस्कारा टाकला आणि चहा टाकायला गेली.

५

माझ्या डोक्यात भुंगा शिरला होता. लेन्सने आठ फुटांवरची नर्सबाई धरून ठेवली होती. पण बाबा त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते. ते होते लेन्सच्या या बाजूला. मग या बाजूचं तिने काही धरलं असेल का?

आमच्या कामात लेन्स उलटी बसवायची एक रीत आहे. एक साधं कडं मिळतं, त्याने लेन्सचं तोंड कॅमेऱ्याला जोडायचं आणि पाठ जगाकडे. उलटी लेन्स भिंगाचं काम करते. चार बोटांवरची वस्तू, आणि तेवढीच, मोठी करून दाखवते. झिजलेले आकडे वाचायला मी रोज तेच करते. रोजच्या कामात आपण काय करतो याचा माणूस फारसा विचार करत नाही. मीही केला नाही. ताई जेवून आडवी झाली होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला, स्टुलावर बसले आणि बाबांची लेन्स उलटी जोडली.

समोर चार बोटांवर काही ठेवलं नव्हतं. पडद्यावर नुसता दुधी उजेड. आतून ताईच्या घोरण्याचा आवाज येत होता, शेजारी कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं. उलट्या लेन्सला फोकसचं कडं फिरवून फारसा फरक पडत नाही, तरी हाताच्या सवयीने मी ठिपका रेषेशी आणला.

एक लाल रेष आली. केसासारखी बारीक. तिच्याशेजारी आणखी एक. मग एकापाठोपाठ एक, कमानीत, ओळीने. मी आकडे वाचणारी बाई. मला ते काय आहे ते कळायला वेळ लागला. त्या पापण्या होत्या.

मग दुधी उजेड दाटत आला. वरच्या पापणीची घडी. खालची सैल, सुरकुतलेली. बुबुळाभोवती पांढरट कडं, अधू नजरेच्या माणसांना असतं तसं. आणि वरच्या पापणीवर, नाकापासून जरा दूर, तीळ.

मी 'बाबा' म्हणणार होते. इतकी वर्षं वाट पाहिली होती, निदान एवढं तरी म्हणायचं होतं. पण तो डोळा माझ्याकडे मुलीकडे बघतात तसं बघत नव्हता. त्यात ओळख नव्हती. त्यात काम होतं. खांदा सरळ आहे का, केस कपाळावर आलाय का, हनुवटी किती वर आहे. माझी पाठ आपोआप ताठ झाली. हनुवटी खाली गेली. श्वास मी कोंडून धरला.

बोटाखाली बटण होतं. दाबलं असतं तर त्या डोळ्याचा फोटो मिळाला असता. पण खुर्चीत बसलेलं माणूस बटण दाबत नाही. ते कामच त्याचं नाही, एवढंच मला त्या वेळी पक्कं कळत होतं. मला उठायचं होतं आणि उठायचं नव्हतंही. लहानपणी स्टुलावर यायच्या तशा पायांना मुंग्या आल्या. पडद्याच्या फटीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कपाटावर चढलं. कुकर केव्हाच गप्प झाला होता. त्या डोळ्याने एकदाही पापणी लववली नाही, आणि हळूहळू मला कळलं की मीही लववलेली नाही.

खांद्यावर हात पडला.

"झालं," ताई म्हणाली. "ऊठ."

मी उठले. म्हणजे स्टुलावरून खालीच पडले, आणि मग खूप मोठ्याने श्वास घेतला.

६

ताईने मला पाणी पाजलं, भरपूर शिव्या दिल्या, आणि मग विचारलं, "कोणत्या पापणीवर?"

"उजव्या. कॅमेऱ्याला ते उजवाच लावायचे ना. तुझंच खरं."

"मी म्हटलं नव्हतं?" ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही. दोन म्हाताऱ्या फरशीवर बसून गळ्यात गळे घालून रडत होत्या. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, घरात काहीतरी झालंय.

डोळे पुसून ताई म्हणाली, "तुला उठवायला मी होते. त्या बाईला कोण आहे? इतकी वर्षं बसलीय बिचारी. तिला सोडव, मग दे ती लेन्स परत."

हे मला पटलं. मी लेन्स सुलटी बसवली, कॅमेरा लांबट खोलीत ठेवला, ठिपका जुळवला. आता रेषा भरपूर होत्या. खुर्चीची पाठ, कॉलरचं टोक, टोपी, मांडीवर एकात एक अडकवलेले हात. मी डोळा लावून वाकलेली होते, म्हणून ताईनेच, माझ्या कानाशी उभं राहून, बाबांच्या हेलात म्हटलं, "झालं, उठा."

टोपीची रेष वर गेली. सावकाश, गुडघे धरलेलं माणूस उठतं तशी. मग नाहीशी झाली. ती बाई मागे गेली का पुढे आली, ते सांगता येणार नाही. आठ फुटांवरून हललेलं काहीही ठिपक्यावर दिसत नाही. कडं जवळच्या आकड्याकडे फिरवलं असतं तर कळलं असतं. मी फिरवलं नाही. ताईच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले, आणि आमच्या दोघींच्या मधून कुणीतरी अंग चोरून गेल्यासारखी गार झुळूक आली. खिडकी बंद होती.

"गेली," ताई म्हणाली. "बघू मला."

मी बाजूला झाले. तिने डोळा लावला.

"रिकामी आहे आता. सगळी दिसतेय गं, बैठकीची वेताची वीणसुद्धा." आणि मग तिचा हात वर गेला. तिने कानामागे केस सारखे केले. गाऊनची कॉलर नीट केली. चष्मा काढून मला दिला.

"काय करतेस, ताई?"

"बाबा 'पुढचे' म्हणाले ना," ती म्हणाली. "तू ऐकलं नाहीस?"

मी ऐकलं नव्हतं. ती कॅमेऱ्यासमोरून त्या मोकळ्या फरशीकडे चालायला लागली, आणि मी लेन्सवर झाकण ठोकलं. ताई मध्येच थांबली. कुणी तोंडातला घास काढून घ्यावा तसा तिचा चेहरा झाला होता.

त्याला आता बरेच दिवस झाले. घड्याळजींकडे लेन्स परत न्यायला मी दोनदा निघाले. दोन्ही वेळा ताई दारात उभी राहिली. लेन्स कपाटात आहे, झाकण लावलेली. किल्ली माझ्याकडे असते. ताई रोज दुपारी केस विंचरते, पावडर लावते आणि दाराजवळच्या दिवाणावर येऊन बसते. कटकट करत नाही. एवढंच विचारते, "काढतेस ना आज?"

काढता येईल. अवघड काय आहे? ठिपका जुळवायचा, वाकायचं, हलू नको म्हणायचं. पण डॉक्टर म्हणतात माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू व्हायला लागलाय, आणि दुपारी वाकलं की मलाही हल्ली तिवई धरावी लागते. मी वाकलेलीच राहिले तर ताईला उठवणार कोण? घरात तिसरं कुणी नाही.

"नंतर काढू," मी म्हणते.

"नंतर म्हणजे कधी गं?"

"घरचीच आहेस," मी म्हणते. "तुझा निवांत काढू."

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळतं की हा हेल माझा नाही. ताईला ते आधीच कळलेलं असतं. ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या जरा मागे बघते, आणि लहान मुलीसारखी हसते. मग हनुवटी जरा खाली घेते, आणि हलत नाही.